हात न टेकता

तायडे सिस्टर कुणालाही "तब्येत कशी आहे?" असं विचारत नसत. भाजीवाली असो, पोस्टमन असो की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणजे मी असो, त्यांचा प्रश्न ठरलेला. "जमिनीवर बसून हात न टेकता उठता येते काय?" समोरचा गोंधळला की लगेच पुढचं, "मंग दाखवा ना उठून." राजापेठेतल्या आमच्या गल्लीत अशा रीतीने बरीच सभ्य माणसं भर रस्त्यात खाली बसलेली मी पाहिली आहेत. पोस्टमन थैल्यासकट बसला. शेजारच्या ट्यूशन क्लासचे मास्तर पोरांच्या देखत बसले आणि त्या दिवशी पोरं पहिल्यांदा मन लावून काहीतरी पाहत होती. एकदा तर मतं मागायला आलेला उमेदवार बसला. त्याला उठवायला दोन कार्यकर्ते लागले. तो गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "याले निवडून देऊन काय फायदा? एकदा बसला का बसला."

ही सवय काही त्यांची जन्मजात नव्हती. मी त्यांच्या घरी राहायला गेलो तेव्हा त्या चार निवृत्त बायांसारख्याच होत्या. सकाळी फिरून येत, बीपीची आणि शुगरची गोळी घेत, गुडघ्यांना तेल चोळत आणि पाटावरून उठताना "अव मायव" म्हणत. माझी नोकरी अमरावतीच्या कॉलेजात आणि कुटुंब अकोल्याला. शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि सोमवारी सकाळी परत, असा माझा संसार. त्यामुळे आठवडाभर मला वेळच वेळ असे आणि सिस्टरांना बोलायला माणूस लागे.

ठेंगणा, रुंद बांधा, चापूनचोपून बांधलेला अंबाडा आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाच्या पेशंटने त्या टोकाची गोळी घ्यावी. सरकारी दवाखान्यातली त्यांची सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली होती. मिस्टर बडनेऱ्याला रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याला इंजिनिअर. दोघा नवरा-बायकोनं पै पै करून बांधलेल्या घरात खाली सिस्टर, वर मी, आणि दर्शनी खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. गल्लीत कुणाचा हात मुरगळला, कुणाचं पोर झाडावरून पडलं, की आधी सिस्टरांकडे आणायचं आणि मग डॉक्टरकडे न्यायचं, असा रिवाज होता.

आणि मग एका उन्हाळ्यात, बाबासाहेबांच्या जयंतीची धामधूम संपल्यावर थोड्याच दिवसांत, सिस्टर स्वतःच पडल्या.

सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. जिना उतरताना त्यांच्या न्हाणीघरातून आवाज आला. वॉर्डातलाच आवाज, पण थोडा खाली गेलेला. "सर, दार तोडू नोका. फटीतून पट्टी घाला अन् कडी वर ढकला, निघते." मी फूटपट्टी आणून कडी काढली. सिस्टर ओल्या फरशीवर डाव्या अंगावर पडलेल्या होत्या आणि मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं. मी घाबरून त्यांना उचलायला वाकलो, तर त्या अवस्थेतही त्यांनी मला झापलं. "कमरेतून नोका वाकू, गुडघ्यातून वाका! काखेखाली हात घाला. आता उचला. अहो मले उचला, बादलीले काहून धरून राहिले?"

कसंबसं त्यांना स्टुलावर बसवलं. रिक्षा बोलवायला निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "मनगटाचं काई नाई, सर. मोडलं त जुळते. पन पहाटपासून पडून होती मी इथं. किती करून पायलं, उठताच नाई आलं." आणि ज्या बाईने मोडलेली हाडं बघत आयुष्य काढलं, त्या बाईच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. ती पडण्याची नव्हती.

प्रशांत धावत आला. डॉक्टरांनी हाडं विरळ होत चालल्याचं सांगितलं, पुन्हा पडल्या तर खुबा मोडेल असं बजावलं. प्रशांत हा भला मुलगा, आईवर जीव टाकणारा, आणि म्हणूनच त्याने एका बैठकीत सगळं ठरवून टाकलं. घराला कुलूप लावायचं, आईला पुण्याला न्यायचं.

"तिथं बाथरूमला न घसरणाऱ्या टाइल्स आहेत आई. पलंगाजवळ बेल आहे. चोवीस तास लिफ्ट आहे."

"मंग मले काय पाहाले ठेवनार हाय तिथं? लिफ्ट?"

"तू आराम कर ना. खूप केलंस आयुष्यभर."

सिस्टरांनी प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "प्रशांत, मी तुया घरी राह्यली हाय दोन-चार डाव. तुयी बायको चांगली, लेकरू चांगलं. पन तिथं मले कोनी सिस्टर म्हनत नाई रे. खालचा वॉचमनबी म्हनते, प्रशांत सरची आई. मी कोनाची तं आई हाय ते मले मालूम हाय. पन मी कोन हाय?"

प्रशांतला हे पटत होतं. पण न्हाणीघरात आई एकटी पडून राहिली होती, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती, आणि त्यात त्याचं काय चुकलं? शेवटी मायलेकांत तह झाला. पुढच्या जयंतीपर्यंत मुदत. तेव्हा प्रशांत येणार आणि आई पडली तर आपली आपण उठू शकते याची त्याची खात्री पटली, तर ती इथेच राहील. नाही पटली तर कुलूप, आणि आईने एक शब्द बोलायचा नाही. मी साक्षीदार.

"मंजूर," सिस्टर म्हणाल्या.

प्लॅस्टर निघालं, मनगटाचे व्यायाम झाले, आणि एके दिवशी त्या वर माझ्या खोलीत आल्या. चेहरा असा की ऑपरेशनची तारीख ठरवून आल्यात. "सर, मी लय इचार केला. फिरून फिरून मी बडनेऱ्यालेबी पायी जाईन, पन त्यानं उठता कुठं येते? फिरनं चांगलंच हाय, दमसासाले चांगलं, मनाले चांगलं. पन वॉर्डात होती तवा मी रोज पेशंट उचलत होती. याले कुशीवर करा, त्याले बसवा, त्याले खाटेवरून स्ट्रेचरवर घ्या. तवा माया गुडघ्याले काई झालं नाई, कमरेले काई झालं नाई. रिटायर झाली अन् हाताइचं काम सुटलं. जे हाड वजन उचलत नाई ते म्हनते, मंग मी मजबूत राहून करू काय? तं आता मले वजन उचलाचं हाय. आयुष्यभर दुसऱ्याले उचललं, आता सोताले उचलाचं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून, त्यांचा होकार घेऊन, पंजाबी ड्रेस आणि नवेकोरे पांढरे बूट घालून त्या निघाल्या. सोबत मी. माझ्या पोटाकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "तुमीबी चाला. तुमचं त जास्त काम हाय."

राजापेठेत मोबाइलच्या दुकानावर गजूभाऊ इंगोल्यांची व्यायामशाळा होती. गजूभाऊ म्हणजे एकेकाळचे वजन उचलण्याचे राज्य पातळीवरचे गडी. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळत नसे. सिस्टर दारात दिसताच ते हातातलं सगळं टाकून धावले आणि खाली वाकले. त्यांचे वडील खुब्याच्या दुखण्याने वॉर्डात महिनोन्‌महिने होते तेव्हा सिस्टरांनीच त्यांचं सगळं केलं होतं. ते गजूभाऊ विसरले नव्हते. त्यांनी गाणं बंद केलं, पंखा इकडे वळवला, आपली खुर्ची पुढे केली आणि खाली चहा सांगितला. व्यायाम करणारी पोरं भिंतीला लागून शाळेतल्यासारखी उभी राहिली.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणजे खुर्ची. लग्नात खुर्ची, सत्यनारायणाला खुर्ची, मयतीलाही खुर्ची. "काकू, तुमी उठू नका" हे आमच्या आदराचं शेवटचं टोक.

"गजू," सिस्टर म्हणाल्या, "मी बसाले नाई आली. उठाले आली."

मग त्या त्याच खुर्चीवर बसल्या, हात छातीवर बांधले, आणि उठायचा प्रयत्न केला. नाही जमलं. पुन्हा केला, झोक गेला आणि धपकन बसल्या. तिसऱ्यांदा दात आवळून उठल्या तेव्हा कपाळावर घाम होता. गजूभाऊंच्या लक्षात आलं की हे प्रकरण चहावर भागणारं नाही. अशी त्या खुर्चीपासूनच सुरुवात झाली. बसायचं, उठायचं. भिंतीला हात लावून भिंत ढकलायची. हातात हलके डंबेल घेऊन खोलीभर चालायचं. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. आरामाच्या दिवशी कुणी "आज नाही का?" विचारलं, तर त्या म्हणत, "आज मसल बनून राहिले. आज त्याइची ड्यूटी हाय."

घरात उकडलेली अंडी आली, हरभऱ्याच्या उसळी आल्या, वरण घट्ट झालं. मी शाकाहारी, म्हणून मला वाटीभर भिजवलेले शेंगदाणे मिळू लागले. काही महिन्यांतच सिस्टरांचं उठताना "अव मायव" म्हणणं बंद झालं. झोप गाढ लागू लागली. शुगर अशी उतरली की डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. सिस्टरांनी ती अर्धी गोळी चाकूने कापून मला विजयचिन्हासारखी दाखवली. आणि याच काळात त्यांचा तो प्रश्न गल्लीभर सुरू झाला.

एका शनिवारी त्या माझ्याबरोबर अकोल्याला आल्या. त्यांची कुणी जुनी मैत्रीण तिकडे होती, तिला भेटून रात्रीच्या आत परतायचं होतं. मध्ये आमच्या घरी टेकल्या. माझी आई सत्तरीची, गुडघ्यांनी बेजार. तिला खाली बसवत नाही म्हणून आम्ही भावांनी देवघर जमिनीवरून उचलून टेबलावर मांडलं होतं आणि समोर गादीची खुर्ची ठेवली होती. आम्हाला आमच्या मातृभक्तीचं मोठं कौतुक होतं. सिस्टरांनी ते देवघर पाहिलं, आईला पाहिलं.

"देव आंधी कुठं होते?"

"खालीच होते हो. पण मला आता बसता येत नाही ना," आई म्हणाली.

"म्हनून देवाले वर चढवलं? तुमीच खाली उतरा ना, बाई."

आई आधी बावचळली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. सिस्टरांनी दोन्ही गुडघे दाबून, वाकवून पाहिले, आईचे जुने कागद वाचले, डॉक्टरांनी काय मनाई केली आहे ते विचारलं. मनाई कुणीच केली नव्हती. ती आम्हीच आमच्या मनाने केली होती. मग त्याच गादीच्या खुर्चीवरून आईचं बसणं-उठणं सुरू झालं. आधी गादीवर उशी ठेवून, मग उशी काढून, मग गादी काढून. दिवाळीच्या पाडव्याला मी घरी गेलो तेव्हा टेबल अंगणात पडलं होतं, देव जुन्या जागी होते आणि आई पाटावर बसून फुलं वाहत होती. ती उठताना मी हात दिला, तर तिने तो बाजूला केला.

इकडे अमरावतीत सिस्टर बारपर्यंत पोचल्या होत्या. जमिनीवर ठेवलेला लोखंडी बार, दोन्ही बाजूंना वजनाच्या प्लेटा, आणि तो गुडघ्यातून वाकून, पाठ सरळ ठेवून उचलायचा. त्यांना हा प्रकार सगळ्यांत आवडे, कारण तो थेट पेशंट उचलण्यासारखा होता. गजूभाऊ समोर उभे राहून "वा सिस्टर! जबरदस्त!" म्हणत आणि बार डुलू नये म्हणून दोन्ही हातांची दोन-दोन बोटं बारला लावत. प्लेटा वाढत चालल्या होत्या. सिस्टर फोनवर प्रशांतला वजन सांगत आणि पलीकडे तो आकडा पुन्हा विचारून घेई.

मग एकदा गजूभाऊ साल्याच्या साखरपुड्याला अकोल्याला गेले. सिस्टरांनी नेहमीचं वजन लावलं, वाकल्या, ओढलं. बार जागचा हलला नाही. पुन्हा ओढलं. बार जणू फरशीला चिकटवला होता. त्या थांबल्या, स्वतःची नाडी पाहिली आणि मला म्हणाल्या, "सर, मले बरं नाई वाटते. बीपी पडला असंल."

तिथे देशमुख वकील व्यायाम करत होते. भला माणूस, पण कोर्टात बोलायला लागल्यापासून कुठे गप्प बसावं ते विसरलेला. ते म्हणाले, "अहो सिस्टर, बीपी कायचा पडते? रोज गजूभाऊ बोटं लावते ना समोरून. त्याची दोन बोटं म्हणजे आपले दोन हात!"

पोरं खाली बघू लागली. तेव्हा कळलं की हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आम्हा दोघांना नव्हतं.

सिस्टरांनी बूट काढून पिशवीत भरले आणि जिना उतरल्या. पुढे कित्येक दिवस त्या गेल्या नाहीत. मी विचारायला गेलो तर अंधाऱ्या हॉलमध्ये दिवा न लावता बसल्या होत्या. "मी उठलीच नोती सर," त्या म्हणाल्या. "मले उठवून राहिले होते." जयंती फार लांब राहिली नव्हती.

शेवटी गजूभाऊच आले. संत्र्यांची पिशवी दाराशी ठेवून जमिनीवर मांडी घालून बसले. एवढा मोठा माणूस आणि डोळे पोरासारखे भरलेले.

"सिस्टर, तुमी माया मायच्या जागी. तुमच्या हातून बार सुटला असता, तुमाले काई झालं असतं, त मी तोंड कोनाले दाखवलं असतं? माया बापाले तुमी..."

"तुया बापाले मी उचललं, काहून का तो आजारी होता," सिस्टर कडाडल्या. "मी आजारी नाई, गजू! तू माया मान केला, पन मायी ताकद खाल्ली. मी न्हानीत पडली त तिथं तू येनार हाय काय बोट लावाले?"

गजूभाऊंनी मान खाली घातली. मग सिस्टर उठल्या, खुर्चीचा हात न धरता उठल्या एवढं मी पाहिलं, आणि म्हणाल्या, "संत्री आत ठेव. उद्या येतो मी. रिकामा बार ठेवजो. अन् तुये हात मांग बांधाचे."

त्या दिवसापासून त्या व्यायामशाळेत एक पाहण्यासारखं दृश्य दिसू लागलं. बुटक्या सिस्टर बारवर वाकलेल्या आणि समोर अवाढव्य गजूभाऊ कमरेमागे हात बांधून उभे. वजन सिस्टर उचलत, घाम गजूभाऊंना फुटे. बार थरथरला की त्यांचे खांदे पुढे येत, आणि सिस्टर नुसत्या डोळ्यांनी त्यांना जागेवर ठेवत. शिकवायचं ते सगळं गजूभाऊंनी तोंडाने शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. पाठ कशी ठेवायची, श्वास कधी घ्यायचा, पडल्यावर आधी कुशीवर कसं वळायचं, कोपर कुठे टेकायचं, गुडघा पोटाशी कसा आणायचा. रिकाम्या बारला पहिल्या प्लेटा लागल्या, मग त्यापेक्षा मोठ्या. ज्या दिवशी ते जुनं खोटं वजन खरोखर जमिनीवरून सुटलं, त्या दिवशी व्यायामशाळेत एवढा कल्ला झाला की खालचा मोबाइलवाला भूकंप समजून रस्त्यावर आला.

जयंतीला प्रशांत आला. दोन तिकिटं काढूनच आला होता, ते त्याने लपवलंही नाही. बाहेर निळे झेंडे लागले होते, संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी ढोलताशेवाले हात साफ करत होते. सिस्टरांनी त्याच्यासमोर कागद ठेवले. हाडांची झीज थांबली होती, बीपी ताब्यात, शुगर ताब्यात. प्रशांतने सगळं नीट वाचलं.

"रिपोर्ट छान आहेत आई. खरंच. पण बीपी, शुगर तर तू पडलीस तेव्हाही ताब्यातच होती."

मला त्याचा राग आला. पण तो बरोबर बोलत होता.

सिस्टरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "चाल," म्हणाल्या आणि न्हाणीघराकडे गेल्या. बादलीभर पाणी फरशीवर ओतलं. "त्या दिवशी ओलं होतं." मग दार लावू लागल्या.

"आई, कडी नको!"

"त्या दिवशी होती. अन् हाक मारली तरी कोनी यायचं नाई."

आतून कडी लागली. दाराबाहेर आम्ही तिघं, प्रशांत, मी आणि मुद्दाम बोलावलेले गजूभाऊ. आधी त्या फरशीवर निजल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बाहेर ढोल वाजत होते आणि मला वाटत होतं, त्यांनी जरा थांबावं. पाण्यात काहीतरी सरकलं. श्वास ऐकू आला, लांब, जड. मग मग्गा गडगडत गेला आणि पाठोपाठ "आह!" असा आवाज.

प्रशांतचा हात दाराकडे झेपावला. गजूभाऊंनी तो वरच्यावर धरला. त्यांच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "नाई भाऊ," ते म्हणाले. "बोटबी नाई."

आम्ही उभे राहिलो. तेवढा लांब वेळ मी परीक्षेच्या हॉलवरही काढलेला नाही. आणि मग आतून कडी निघाली.

दारात सिस्टर उभ्या होत्या. पाठ भिजलेली, अंबाडा सुटलेला, दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवलेले. "प्रशांत, टॉवेल दे," त्या म्हणाल्या.

प्रशांतने टॉवेल दिला नाही. तो तसाच त्यांच्या ओल्या अंगाला बिलगला आणि लहान मुलासारखा रडला. सिस्टर त्याच्या पाठीवर थोपटत राहिल्या. "रडतं काहून? उठली ना मी. पाह्य ना, उठली ना." गजूभाऊ धावत रस्त्यावर गेले आणि ढोलवाल्यांत घुसून असे नाचले की मिरवणूक संध्याकाळची आहे हे पोरांना त्यांना समजावून सांगावं लागलं. संध्याकाळी खऱ्या मिरवणुकीत सिस्टर पांढऱ्या साडीत शेवटपर्यंत पायी चालल्या. प्रशांत सगळ्यांना सांगत होता, "ही माझी आई. तायडे सिस्टर."

त्याच महिन्यात माझी अकोल्याला बदली झाली होती. दुसऱ्या दिवशी मीही सामान घेऊन प्रशांतच्याच गाडीने निघालो. आईचं तिकीट त्याने रद्द केलं नव्हतं, म्हणून त्या जागेवर अकोल्यापर्यंत मला बसवलं. बडनेऱ्याला सिस्टर पोचवायला आल्या. माझी पुस्तकांची पेटी हमालाच्या आधी त्यांनीच डब्यात चढवली आणि ती कशी गुडघ्यातून उचलायची हे हमालाला सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आईले नमस्कार सांगजा. अन् ते शेंगदाणे सोडू नोका."

आमच्याकडे पोचवायला आलेलं माणूस गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत फलाटावर उभं राहतं, हात हलवत. सिस्टरांनी हात हलवला, पण एकदाच. गाडी हलली तशी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वळल्या. व्यायामाची वेळ होत आली होती. प्रशांत आणि मी दारात उभे राहून पाहत होतो. गाडीचे मागचे डबे अजून फलाटावरच होते आणि त्या गर्दीतून वाट काढत पुलाच्या पायऱ्या भराभर चढत होत्या, कठड्याला हात न लावता, मागे वळूनही न बघता.

"हळू चढ म्हणावं, पडेल," प्रशांत सवयीनं म्हणाला.

मग तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"पडली तर उठेल."